ताणाच्या दिवसांतल्या कादंबऱ्या

थंडी पडली की आमच्या भागातले संत्र्याचे बगिचे तहानलेले ठेवतात. आंबिया बहाराची फळं तोडून ट्रकांत भरून गेली की मार्गशीर्षात विहिरीवरची मोटार बंद होते आणि महिना-दीड महिना झाडाला पाण्याचा थेंब मिळत नाही. पानं आधी दुमडतात, मग पिवळी पडतात, काही गळतात. याला ताण देणं म्हणतात. झाडाला वाटावं, आता आपलं काही खरं नाही, आणि त्या भीतीनंच त्यानं फुलावं, असा तो जुना विचार. पौष सरत आला की पुन्हा पाणी सोडायचं. तो ताण तोडणं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सौसरपासून मोहगावापर्यंतचा रस्ता कळ्यांच्या वासानं जड होतो, इतका की मोटारसायकलवर जाणारी माणसंही वेग कमी करतात.

आज सकाळी गच्चीवर ऊन खात बसले होते. हाताला संत्र्याच्या सालीचा वास होता, खाली कुणाच्या तरी घरी तुरीच्या ओल्या शेंगा उकडत होत्या. तेवढ्यात तुमचा फोन आला. मितू, तू विचारलंस की गेल्या वर्षी ठेवून गेलेल्या पुस्तकांचं काय झालं, कशी वाटली. कबीर म्हणाला, आजी, लांबलचक सांगू नकोस, प्रत्येकाला तारे दे, पाचपैकी. मी म्हटलं, लिहून कळवते. आता लिहायला बसले तर लक्षात येतंय की तारे देऊन भागणार नाही. ती पुस्तकं मी एकटीनं वाचलेली नाहीत, आणि ज्या बगिच्यात वाचली त्याच्यापासून ती मला वेगळी काढता येत नाहीत.

ती पिशवी तुम्हाला आठवत असेल. विमानाच्या वजनात बसेना म्हणून शेवटच्या घटकेला दारामागे ठेवून गेलात. मी सगळ्यांना खाकी कव्हरं घातली, पेन्सिलीनं आत तारीख टाकली आणि उंचीप्रमाणे कपाटात लावली. मग बरेच दिवस नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. खून, प्रेम, भुतं, अंतराळ, राजवाडे. चकचकीत, सोनेरी अक्षरांची, विमानतळावर विकतात तसली.

तुम्हाला हसू येईल, पण मला संकोच वाटत होता. माझे बाबा लोधीखेड्याला दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत. त्यांना अक्षर येत नव्हतं. तरी दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेले की पुस्तकांच्या स्टॉलवरून एक पुस्तक घेतल्याशिवाय परतत नसत. स्टॉलवाल्याला विचारत, यानं पोरगी पुढं जाईन ना? मग कधी कायद्याचं, कधी व्याकरणाचं, कधी चरित्र, एकदा तर गुरांच्या रोगांचं. आमच्याकडे तेव्हा गुरं नव्हती. तेही मी पूर्ण वाचलं. गोष्टीच्या पुस्तकांना घरात कुणी बंदी केली नव्हती. त्यांची वेळच कधी आली नाही. इतक्या पिढ्यांनी हाती आलेलं पुस्तक करमणुकीला वापरायचं म्हणजे पेरणीचं बियाणं भाजून खाण्यासारखं वाटे. पुढे मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, पांढुर्ण्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, कादंबऱ्याही वाचल्या, पण त्या अभ्यासक्रमातल्या. प्रत्येक धड्याच्या मागे प्रश्न असायचेच. नुसतं वाचायचं आणि पुस्तक मिटून टाकायचं, हे माझ्या वाट्याला सत्तरी ओलांडल्यावर आलं.

आणि ते कुसुमसोबत आलं. कुसुम म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, माझी जाऊ. मोहगाव रस्त्याला तिचा लहानसा बगिचा आहे. आधी तो कापसाचा कोरडा तुकडा होता. विहिरीला पाणी लागलं तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं संत्र्याची कलमं लावली. दोघे भाऊ आता नाहीत. कुसुम तिथंच विहिरीजवळच्या दोन खोल्यांत राहते. आम्ही दोघी चाळीस वर्षं एकमेकींच्या भाजीत मीठ कमी असल्याचं सांगत आलो आहोत. माझ्या भाजीला ती दवाखान्याची भाजी म्हणते.

यंदा ताण बसला तेव्हा मी दुपारी ऑटोनं तिच्याकडे जाऊ लागले. बगिच्यात काम नव्हतं. तोडाई झालेली, पाणी बंद, निंदायला गवतही नाही. बाजेवर उन्हात बसून ती तुरीच्या शेंगा सोलायची. मी एक दिवस पिशवीतून पुस्तक नेलं आणि इंग्रजीतून मराठी करत मोठ्यानं वाचू लागले. तिनं सोलणं थांबवून विचारलं,

"बाई, वाचून झाल्यावर मले काही इचारणार तर नाही ना?"

मी म्हटलं, नाही. तिनं पाय वर घेतले आणि म्हणाली, मंग वाचा.

तेव्हा वरवर सगळं संथ होतं, पण एक गोष्ट दोघींच्या मध्ये बाजेवर बसलेलीच असायची. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून रस्त्याकडेच्या शेतांत चुन्याच्या रेघा उमटू लागल्या होत्या. आज कापूस उभा, उद्या तिथं ले-आउटची पाटी. कुसुमच्या बगिच्यालाही मागणी आली होती. तिचा मुलगा विनोद पुण्याला असतो, तुमचा विनोदकाका. त्याचं म्हणणं होतं, विकून टाक आणि माझ्याकडे ये. त्याचं चूक नव्हतं. तिचा गुडघा दुखतो, बगिच्यात ती एकटी, आणि तिनं फोन उचलला नाही की तो तिकडे घाबरा होतो. एकदा त्यानं मलाच फोन केला. म्हणाला, मोठी आई, आई तुमचं ऐकते, तुमचं मत काय आहे ते तिला सांगा. मी म्हटलं, तू माझ्याच वर्गात होतास. पुस्तक अर्धं असताना मी मत देत नाही, हे तुला माहीत आहे. तो हसला, पण त्याला ते पुरलं नाही. मलाही पुरलं नाही.

कुसुमनं त्याला एवढंच सांगितलं होतं, पाहू. संक्रांत होऊ दे, मग सांगते.

आणि तिनं पाणी बंद केलं होतं. इथंच सगळी गोम होती. जो बहार धरतो तोही या दिवसांत पाणी बंद करतो आणि जो जमीन विकायला निघाला तोही करतो. झाड दोन्हीकडे सारखंच सुकतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला, किंवा बाजेवर शेजारी बसलेल्या जावेलाही, कळायला मार्ग नाही की हा बगिचा फुलायला ठेवलाय की सोडून दिलाय. तिला सरळ विचारावं, तर आमच्यात तशी रीत नाही. मीठ कमी आहे, हे आम्ही बोलतो. बाकीचं समजून घेतो.

पहिलं पुस्तक खुनाचं होतं. बर्फात अडकलेला बंगला, जमलेले पाहुणे, सकाळी ग्रंथालयात एक म्हातारा मेलेला. मला अशा कादंबरीची शिस्त आवडली. प्रत्येक वस्तू आपल्या जागी, घड्याळ, चाकू, अर्धवट प्यालेला पेला. लेखकानं घर नीट आवरून मगच खून केला होता. कुसुमला मात्र सुरुवातीपासून एकच खुपत होतं.

"त्याच्यासाठी कोणीच नाही रडलं?"

मी म्हटलं, रडण्याचं वर्णन नाही.

"मंग मारलं कायले त्याले? असाही तो कोणाचा नव्हता."

मी तिला समजावलं की हे कोडं असतं, कोड्यात मयताला बसायला येणारी माणसं नसतात. तिला ते पटलं नाही. तिचा संशय खानसाम्यावर होता, तो सूप वाढताना फार गोड बोलला होता म्हणून. शेवटी डॉक्टर निघाला. ती माझ्यावरच रागावली, म्हणाली तुमाले इंग्रजी नीट नाही आलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, डॉक्टर कसा असंल बाई, त्यानं तर नाडी पाहिली.

तेव्हाच तिनं पुस्तकांची प्रतवारी लावली. तोडाईच्या वेळी ती संत्र्याच्या ढिगापाशी बसते आणि हात न थांबवता तीन वाटे करते. मोठं, चकचकीत फळ ट्रकात जातं, दिल्लीपर्यंत. मधलं आपल्या बाजारात बसतं. आणि ज्याला डाग पडलाय, वाऱ्यानं फांदीवर घासलंय, ते घरचं. खायला तेच सगळ्यात गोड, पण कुणाला विकता येत नाही. खुनाच्या कादंबरीला तिनं ट्रकात टाकलं. दिसाले चांगली आहे, दूर जाईन, म्हणाली. कबीर, तुझ्या ताऱ्यांपेक्षा मला हे बरं वाटलं. म्हणून तारे दिलेले नाहीत.

प्रेमाच्या कादंबरीनं माझी फजिती केली. मोठ्या शहरातलं ऑफिस, एक मुलगा, एक मुलगी, दोघांचं पटत नाही, आणि लिफ्ट मात्र नेमकी दोघांना घेऊनच बंद पडते. मितू, तू ते पुस्तक आजीच्या हाती पडेल याचा विचार केला नव्हतास. लिफ्टच्या पुढची पानं मी मनात वाचली आणि मोठ्यानं म्हटलं, मग ते दोघं बोलत बसले. पानं उलटत राहिले. कुसुम शेंगा सोलत बघत होती.

"इतकी पानं बोलूनच राहिले?"

मी म्हटलं, महत्त्वाचं बोलत होते.

"लग्नाचं?"

तिथपर्यंत अजून आले नाहीत, मी म्हटलं. ती इतकी हसली की सुपातले दाणे मातीत सांडले. मग डोळे पुसत म्हणाली, आपल्याकडं एका प्रेमापायी पांढुर्ण्याच्या न् सावरगावच्या लोकांनी नदीवर एकमेकाइले गोटे हाणले, अजून दरसाली हाणून राहिले, आन् हे लिफ्टमधीच अडकले.

माझं मत थोडं वेगळं आहे. भांडणं फुकटची होती, संवाद चटपटीत पण उथळ होते. पण त्यात एक जागा होती. मुलीला काम संपायला उशीर होतो आणि तो मुलगा काही न सांगता खालच्या दाराशी उभा राहतो. पांढुर्ण्याला शाळा सुटली की तुमचे आजोबा जांब नदीच्या पुलाशी सायकल धरून असेच उभे असत. मी जवळ गेले की फक्त म्हणत, चला. मी वाचता वाचता थांबले. कुसुमनंही मान वर केली नाही. नदीच्या कडेची ती संध्याकाळ, ओल्या दगडांचा वास, सायकलची साखळी घसरल्याचा आवाज, हे सगळं एका विमानतळी पुस्तकातून निघून तहानलेल्या संत्र्यांमध्ये उभं राहिलं. चांगलं पुस्तक हे करतंच. हलकं पुस्तकही कधी कधी करतं, हे मला तेव्हा नवीन होतं.

राजवाड्याची कादंबरी मी अर्ध्यातच ठेवून दिली. दागिने, तलवारी, पानोपानी कारंजी. एकीकडे राणी केवड्याच्या पाण्यानं न्हाते, दुसरीकडे हत्तींचा हौद भरलेला. माझ्या मनात सारखं येत होतं की एवढं पाणी चढावर कुणी वाहून नेलं? त्या माणसाला पुस्तकात नाव नव्हतं, तोंड नव्हतं, साधी सावलीही नव्हती. अशा कादंबऱ्या वाचताना मी नेहमी मागच्या दाराशी उभी असते, कारण पुढच्या दारानं माझ्या पणजीला कुणी आत घेतलं नसतं. कुसुमला मात्र ती आवडली होती. तिला दागिन्यांची वर्णनं हवी होती. ती म्हणाली, तुमी प्रत्येक पुस्तकात आपले लोक शोधता, म्हणून तुमची मजा जाते. तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मी भांडायला तयार आहे.

दुपारचं ऊन सरकत बाजेच्या पायाशी यायचं. दुमडलेल्या पानांतून वारा गेला की कागदासारखा आवाज होई. मला वाचता वाचता डुलकी लागायची. एकदा जाग आणि झोप यांच्या मधल्या पट्टीत मी पाहिलं, बर्फातल्या बंगल्यातला म्हातारा झाडाखाली उकिडवा बसून शेंगा सोलतोय, लिफ्टमधली मुलगी विहिरीत वाकून हाक मारतेय, आणि माझे बाबा पांढऱ्या धोतरात त्या सगळ्यांच्या मधून फिरत हातात एकेक पुस्तक घेऊन बघताहेत. विचारतील, असं वाटलं, यानं पुढं जाईन ना? पण त्यांनी काही विचारलं नाही. एक पुस्तक त्यांनी नाकाशी नेलं, वास घेतला आणि माझ्या उशाशी ठेवलं. डोळे उघडले तेव्हा कुसुमनं माझ्या अंगावर तिची शाल टाकली होती आणि पुस्तक मिटून खुणेला तुरीची शेंग ठेवली होती. तो डाग त्या पानावर अजून आहे. पुस्तकांना कव्हरं घालणारी मी, पण तो पुसला नाही, यावरून काय ते ओळखा.

भुताच्या कादंबरीच्या दिवशी आभाळ भरून आलं. एका मोठ्या शहरात, उंच इमारतीत, भिंतीच्या आत कुणीतरी बोटानं ओरखडतं, अशी गोष्ट होती. लेखकाला भीती कशी वाढवायची ते येत होतं. भूत दाखवायचं नाही, फक्त दार थोडं उघडं ठेवायचं. कुसुमचं मात्र लक्ष नव्हतं. ती सारखी वर बघत होती. ताणात मावठ्याचा पाऊस आला तर सगळं फुकट जातं. झाडाची तहान अर्धवट भागते, आणि मग ते नुसती पालवी काढतं, फूल धरत नाही. चार थेंब पत्र्यावर वाजले तशी ती उठून अंगणात उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती त्या लेखकाला काही लिहिता आली नव्हती. मग वारा सुटला आणि ढग सातपुड्याकडे निघून गेले. मला आतून बरं वाटलं. विकायचं असेल तर पावसाला कशाला भ्यायचं? मी वाचत होते पुस्तक, पण उलगडत होते तिला.

आणि दुसऱ्याच दिवशी एक पांढरी गाडी आली. जमीन बघायला आलेला माणूस बाहेरगावचा, सभ्य, बूट काढून ओट्यावर बसणारा. त्यानं झाडांकडे पाहिलं, एक पिवळं पान तोडून बोटांत चुरलं आणि सहानुभूतीनं म्हणाला,

"काकी, बगिचा तर गेला हा. पाणी बंद केलं ते बरं केलंत, कशाला वाया घालवायचं."

कुसुम म्हणाली, हो ना जी, चहा घ्या. तिनं त्याला चहा दिला, गुडघ्यावर हात ठेवत उठली आणि धुऱ्यापर्यंत जाऊन हद्दीचा दगडही दाखवला. मी बाजेवर पुस्तक उघडं ठेवून बसले होते. तो माणूस फसला की मी फसले होते, मला कळेना. ज्याला बगिचा ठेवायचाय तो हद्द कशाला दाखवेल?

त्या संध्याकाळी आम्ही अंतराळाची कादंबरी सुरू केली. मला वाटलं होतं हिला हे झेपायचं नाही, आणि खरं तर मलाच झेपत नव्हतं. पृथ्वी संपत आलीय, मोठं जहाज निघालंय, पोचायला इतकी वर्षं लागणार की निघालेले वाटेतच म्हातारे होऊन मरणार आणि त्यांची नातवंडं उतरणार. यंत्रांची वर्णनं मी गाळली. पण त्या जहाजात एक बाई होती, मुलांना रोज सांगायची की पाऊस कसा वाजत असे, मातीला कसा वास असे. मुलं ऐकत, पण त्यांना ते कुणीतरी रचलेलं वाटे. मुलांनो, हे वाचताना मला तुमचे चेहरे दिसत होते, फोनच्या पडद्यावरचे, मागे तुमच्याकडचा बर्फ. मी इथला वारा, इथली बोरं तुम्हाला सांगते तेव्हा तुम्हीही असंच शहाण्यासारखं ऐकता.

कुसुमनं हातातली शेंग तशीच सुपात टाकली. मग म्हणाली,

"आन् जे मांगं राहिले, त्याइचं काय झालं?"

मी पुढची पानं चाळली. कुठेच काही नव्हतं. जहाज निघालं आणि लेखकानं मागे वळून पाहिलंच नाही. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, लिहाले पायजे होतं. कोणी ना कोणी तं राहिलंच असंल ना.

मितू, एवढ्या पुस्तकांवरचं माझं खरं मत विचारशील तर ते हेच आहे, आणि ते मला त्या प्रश्नामुळे सुचलं. तू दिलेल्या जवळपास प्रत्येक कादंबरीत कुणीतरी निघून जातं आणि गोष्ट त्याच्या मागे पळत जाते. शहराकडे, परदेशी, दुसऱ्या ग्रहावर. जाणाऱ्याच्या पायाशी लेखक लगेच वाट घालून देतो. राहणाऱ्यांना प्रकरण मिळत नाही. फार तर पहिल्या पानावर दाराशी उभं राहून हात हलवायला मिळतो. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही गेलात याचा मला आनंदच आहे. बाबांनी स्टॉलवर विचारलेल्या प्रश्नाचं तुम्ही उत्तर आहात. पण राहणं हीसुद्धा एक घटना असते, रोज घडणारी, हे कुणा लोकप्रिय लेखकानं एकदा लिहून पाहावं.

मी हे सगळं कुसुमला बोलले नाही. बोलले असते तर ते मत झालं असतं, आणि पुस्तक अर्धं असताना मत देत नाही, असं मी विनोदला सांगितलं होतं. तिनं जहाजाला घरच्या वाट्यात ठेवलं. पहिलंच पुस्तक.

संक्रांत आली आणि गेली. तिनं मला तिळाचे लाडू दिले, त्यात गूळ कमी होता, मी तसं सांगितलं. विनोदचा फोन येऊन गेल्याचं ती म्हणाली. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. मी त्या दिवसांत पिशवीतलं शेवटचं उरलेलं पुस्तक वाचत होते, हेरगिरीचं. धावपळ, बनावट पासपोर्ट, कुणाचं खरं नाव काय ते शेवटपर्यंत ठाऊक नाही. अशा पुस्तकांना मी एरवी हात लावला नसता, पण कबूल करते, रात्री घरी मला त्याची आठवण येई. लेखक प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडतो की माणूस भुकेला राहतो.

त्या दिवशी मी गेले तेव्हा बगिच्यात कुणी नव्हतं. आळ्यांतली माती खणून उलटी केलेली दिसली. जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक बुडाशी शेणखत पडलं होतं, काळं, कुजलेलं, ताजं पसरलेलं. मजूर सकाळी येऊन गेले असावेत. मी तिथंच उभी राहिले. जमीन विकणारा झाडाला खत घालत नाही, एवढं शेतीतलं मलाही कळतं. पण पाणी अजून सुटलं नव्हतं, आणि पाणी सुटेपर्यंत काही खरं नसतं. कुसुम घरातून आली. साडीला माती होती. मी पुस्तक उघडलं. ती बाजेवर बसली, म्हणाली, वाचा, काल कुठं राहिलते?

बॉम्बपाशी राहिलो होतो. भुयारात हेर, हातात वायरी, वर सगळं शहर झोपलेलं, आणि घड्याळ उलटं पळतंय. मी भराभर वाचत होते. तो लाल वायर धरतो, सोडतो, निळी धरतो. कुसुम पुढे वाकून ऐकत होती, असं मला वाटलं. मग कळलं, ती माझ्या खांद्यावरून विहिरीकडे बघत होती. मोटारीच्या पेटीवरचा दिवा लागला होता. शेतीची लाइन आली होती.

"बॉम्बले थांबू द्या जरा, बाई," ती म्हणाली आणि उठली.

गुडघा सांभाळत ती विहिरीपर्यंत गेली. पेटीशी क्षणभर थांबली, पदरानं हात पुसला, आणि बटण दाबलं. मोटार आधी कण्हली, मग घरघरू लागली. पाइपातून पहिल्यांदा नुसती हवा आली, मग गंजका फेस, आणि मग पाणी. वाळलेल्या मातीत ते शिरताना जो आवाज येतो तो तुम्ही कधी ऐकला नाहीत; कुणी फार दिवसांनी पोटभर बोलायला लागावं तसा. ती एका आळ्यातून दुसऱ्यात फावड्यानं पाणी वळवत गेली. मी चपला काढून तिच्या मागे गेले. गार चिखल बोटांमधून वर आला. कितीतरी वर्षांनी मी शेतात अनवाणी उभी होते, काखेत इंग्रजी कादंबरी धरून.

फोन वाजला तेव्हा तिचे हात चिखलाचे होते, म्हणून मीच तो तिच्या कानाशी धरला. विनोद होता. मोटारीच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. आई, कसला आवाज आहे, तो विचारत होता. तिनं कोपरानं माझा हात पाण्याकडे वळवला, त्यालाच ऐकू दिलं. त्याच बगिच्यात वाढलेला मुलगा तो. मग म्हणाला, बरं. निदान गुडघ्याचं तरी दाखवून ये नागपूरला. ती म्हणाली, जाईन, बाईले घेऊन जाईन.

मी फोन ठेवला आणि काखेतलं पुस्तक काढलं. विचारलं, पुढं वाचू का?

तिनं फावडं टेकवलं, मागे वळून ओल्या होत गेलेल्या रांगेकडे पाहिलं. म्हणाली, हे संपवून टाका दोन दिवसांत. मंग नातीले फोन करा तिकडं.

"आता फूल येईन, मंग कार्तिकापर्यंत फळाले सांभाळणं आहे. तवापर्यंत पुरंल असं एखादं जाड पुस्तक धाडाले सांगा."